बायोकेमिस्ट्रीच्या वर्गात मुलांचं मन लागत नाही, तेव्हा नेमकं काय बदलायचं?

प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या वर्षाचा ऐंशी जणांचा वर्ग, विषय जीवशास्त्र आणि बायोकेमिस्ट्री. पहिले तीन आठवडे वर्ग भरलेला असतो, पण एन्झाइम कायनेटिक्स (एन्झाइमच्या वेगाचा अभ्यास) सुरू झालं की मागची बाकं रिकामी व्हायला लागतात. जे येतात ते ‘हे परीक्षेला आहे का?’ एवढंच विचारतात. प्रॅक्टिकलच्या वह्या एकमेकांच्या बघून उतरवल्या जातात. व्हिडिओ दाखवून झाले, बाहेरच्या शास्त्रज्ञांची व्याख्यानं झाली, हजेरीला गुण ठेवून झाले. आता मुलांना प्रेरित कसं करायचं?

‘मुलांना रस नाही’ हे निदानच बहुतेक वेळा चुकलेलं असतं. जीवशास्त्र घेणाऱ्या मुलांना रस असतो, नसते ती ‘हे मला जमेल’ याची खात्री. तुटवडा खात्रीचा आणि आपण पुरवतो रस, म्हणून व्हिडिओ, व्याख्यानं, प्रेरणादायी भाषणं यांचा परिणाम आठवडाभरही टिकत नाही. कायनेटिक्सपाशीच गळती का लागते, याचं उत्तरही यातच आहे: पाठांतरावर निभावणारी पद्धत तिथे पहिल्यांदा कोलमडते.

प्रेरणेवरच्या संशोधनात जॅकलिन एकल्स आणि ॲलन विगफिल्ड यांची एक मांडणी शिक्षकाच्या फार कामाची आहे. विद्यार्थी एखाद्या कामाला लागतो की नाही हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं: हे मला जमेल का, हे करून मला काय मिळेल, आणि यासाठी माझं काय खर्ची पडेल. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. म्हणून आधी मोजा, मग उपाय करा.

दुसऱ्या आठवड्यात पाच मिनिटं काढून बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या. तीन विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण: ‘हा विषय मला पुढे उपयोगी पडेल’, ‘मेहनत घेतली तर मला हा विषय जमेल’, ‘या विषयाला जेवढा वेळ लागतो तेवढा माझ्याकडे आहे’. खाली एक मोकळी ओळ: ‘आतापर्यंत सगळ्यात अवघड काय गेलं?’ बहुतेक वर्गांत पहिल्या विधानाला भरघोस गुण पडतात आणि दुसऱ्यापाशी घसरण दिसते. तुमच्या वर्गात उलटं दिसलं तर पुढचा क्रम बदला, पण अंदाजाने बदलू नका.

याच आठवड्यात आठ प्रश्नांची बिनगुणांची चाचणी घ्या: लॉग, मोलॅरिटी (एका लिटर द्रावणात किती मोल), एककांची अदलाबदल, विरळीकरण, आलेख वाचणं. ०.१ मोलर द्रावण एकास दहा असं लागोपाठ तीनदा पातळ केलं तर शेवटी किती मोलर राहतं? ५ मिलिमोलर द्रावणाच्या २०० मायक्रोलिटरमध्ये किती मायक्रोमोल आहेत? (पहिल्याचं उत्तर ०.०००१ मोलर, दुसऱ्याचं १ मायक्रोमोल.) बायोकेमिस्ट्री ‘डोक्यावरून जाते’ म्हणणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांची खरी अडचण इथेच सापडते. ती शाळेतल्या गणिताची असते, त्यामुळे सांगायला लाज वाटते, आणि लाज झाकायला ‘बोअर होतं’ हा शब्द सोयीचा पडतो. पहिल्या तीन आठवड्यांत प्रत्येकी वीस मिनिटं या गोष्टींना दिली तर पुढचे दोन महिने वाचतात. शिकवताना सूत्रापासून सुरुवात करू नका. फॉस्फेटचा दुसरा पीकेए साधारण ७.२ आहे. पीएच ७.२ ला आम्ल आणि बेस निम्मे-निम्मे, ८.२ ला बेस दहापट, ६.२ ला आम्ल दहापट. एवढं हाताशी बसल्यावर हेच नातं सूत्रात मांडणारं हेंडरसन-हॅसलबाल्क समीकरण दाखवा. ते आता मुलांना ओळखीचं वाटतं.

कायनेटिक्सचंही तसंच. लाइनवीव्हर-बर्कची सरळ रेषा (वेग आणि सांद्रता दोन्हींचे व्यस्त घेऊन काढलेला आलेख) पहिल्याच तासाला फळ्यावर आली की मुलं एकाचा भागाकार करत बसतात आणि एन्झाइम कुठल्या कुठे राहतं. आधी वक्ररेषा, मग केएम म्हणजे ‘कमाल वेगाच्या निम्मा वेग मिळायला लागणारं सबस्ट्रेट’ (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ), मग त्याचा उपयोग. सरळ रेषा शेवटी, आणि तीही तिच्या दोषासकट: कमी सांद्रतेच्या बिंदूंमधली छोटीशी चूक व्यस्त घेतल्यावर फुगते आणि नेमके तेच बिंदू रेषा ओढून नेतात. १९३४ साली हाताने आलेख काढताना ही सोय होती. आज साध्या स्प्रेडशीटमध्येही वक्ररेषा थेट बसवता येते.

तासाला काय करायचं

व्याख्यान बंद करायची गरज नाही, त्याचे तुकडे करा. बारा-पंधरा मिनिटं बोला, मग एक प्रश्न असा टाका ज्याचं उत्तर नुकतंच सांगितलेलं नाही पण सांगितलेल्यातून काढता येतं. प्रत्येकाने आधी एकट्याने मत नोंदवायचं, मग शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटं वाद घालायचा, मग पुन्हा मत. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांनी १९९१ पासून ही पद्धत रूढ केली. तिच्यातला कळीचा आकडा असा: पहिल्या फेरीत बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतील तरच चर्चा होऊ द्या. त्याहून कमी असतील तर चर्चा म्हणजे अज्ञानाची देवाणघेवाण होते, पुन्हा समजावून सांगा. त्याहून जास्त असतील तर पुढे चला.

प्रश्न कसा असावा याचं एक उदाहरण. ‘रक्तातलं ग्लुकोज ५ वरून १० मिलिमोलरवर गेलं. स्नायूतल्या हेक्झोकायनेजचा (ग्लुकोजला फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) केएम सुमारे ०.१ मिलिमोलर. यकृतात हेच काम करणाऱ्या ग्लुकोकायनेजला निम्म्या वेगासाठी सुमारे ८ मिलिमोलर ग्लुकोज लागतं. पेशीतलं ग्लुकोज रक्ताइतकंच धरा. कोणाचा वेग जास्त बदलेल?’ वर्गातला मोठा गट हेक्झोकायनेज म्हणतो, कारण ‘केएम कमी म्हणजे एन्झाइम चांगलं’ असं कुठेतरी पाठ झालेलं असतं. मग ‘वेग = कमाल वेग × सबस्ट्रेट ÷ (केएम + सबस्ट्रेट)’ या साध्या सूत्रात आकडे टाकायला लावा. हेक्झोकायनेज कमाल वेगाच्या ९८ टक्क्यांवरून ९९ वर जातं, म्हणजे जागचं हलतही नाही. ग्लुकोकायनेज साध्या सूत्राने ३८ वरून ५६ टक्क्यांवर जातं. प्रत्यक्षात त्याची वक्ररेषा एस आकाराची आहे, तो हिशोब धरला तर ३१ वरून ५९. जेवणानंतर साखर उचलण्याचं काम यकृताकडे का, हे आता मुलांनी स्वतः काढलेलं असतं. ‘केएम परीक्षेला येतो का’ हा प्रश्न त्या तासाला कोणी विचारत नाही.

जीवशास्त्रात अशा कोड्यांची खाण आहे, फक्त आपण ती उत्तरं आधीच सांगून वाया घालवतो. पेशीच्या मायटोकाँड्रियातली इलेक्ट्रॉन वहन साखळी घ्या. चारही कॉम्प्लेक्स, त्यांची नावं, कोण किती प्रोटॉन ढकलतं, असा तास घेतला की वर्ग गारठतो. त्याऐवजी पंधरा मिनिटांत ढोबळ चित्र द्या: इलेक्ट्रॉन वाहतात, प्रोटॉन पडद्याबाहेर ढकलले जातात, एटीपी सिंथेज या एन्झाइममधून परत येताना एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) बनतो, शेवटी ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो. मग एक रिकामा तक्ता द्या. उभ्या रकान्यांत तीन गोष्टी: ऑक्सिजनचा वापर, एटीपीची निर्मिती, उष्णता. आडव्या ओळींत: काहीच न घालता, ऑलिगोमायसिन घालून, ऑलिगोमायसिननंतर डायनायट्रोफिनॉल घालून, सायनाइड घालून, सायनाइडनंतर डायनायट्रोफिनॉल घालून. मुलांना एवढंच सांगा की ऑलिगोमायसिन एटीपी सिंथेज बंद करतं, डायनायट्रोफिनॉल प्रोटॉनना पडद्यातून आडवाटेने आत नेतं, आणि सायनाइड चौथं कॉम्प्लेक्स अडवतं. प्रत्येक चौकोनात वर, खाली किंवा सारखाच असा बाण काढायचा.

पहिली ठेच ऑलिगोमायसिनला लागते. ‘एटीपी बंद होईल हे कळलं, पण ऑक्सिजनचा वापर का कमी व्हावा? साखळी तर शाबूत आहे.’ इथे घाई करू नका. प्रोटॉन बाहेर साचले, परतीची वाट बंद, आता आणखी प्रोटॉन ढकलणं अवघड, म्हणून साखळीच मंदावते. हे कोणीतरी एक जण बोलतो आणि बाकीच्यांचे बाण खोडले जातात. त्यानंतर डायनायट्रोफिनॉलची ओळ पटकन सुटते: ऑक्सिजनचा वापर उसळतो, एटीपी शून्यच, उष्णता वाढते. सायनाइडनंतर मात्र डायनायट्रोफिनॉलने काहीच सुधारत नाही, कारण अडथळा प्रोटॉनच्या वाटेवर नसून इलेक्ट्रॉनच्या वाटेवर आहे. हाच पदार्थ १९३० च्या दशकात वजन घटवण्याचं औषध म्हणून विकला जात होता आणि शरीराचं तापमान आवाक्याबाहेर जाऊन माणसं दगावली. ही माहिती तक्ता भरून झाल्यावर द्या. आधी दिली तर ती नुसती गोष्ट राहते, नंतर दिली तर कारण मुलंच सांगतात.

त्याच तासाला वेळ उरला तर यागेनडॉर्फ आणि उरिबे यांचा १९६६ चा प्रयोग घ्या. थायलाकॉइड (हरितलवकातल्या पडद्यांच्या पिशव्या) पीएच ४ च्या द्रावणात मुरवले, मग अंधारात एकदम पीएच ८ मध्ये टाकले, सोबत एडीपी आणि फॉस्फेट. काय होईल? प्रकाश नसताना एटीपी बनला. पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडलेल्या आणि तेव्हा अनेकांनी नाकारलेल्या, पडद्याच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनमधल्या फरकामुळे एटीपी बनतो या कल्पनेला हा भक्कम आधार होता. त्यांना नोबेल मिळालं १९७८ साली. ज्ञान असं वादातून घडतं हे एकदा दिसलं की पाठ्यपुस्तकाकडे बघायची नजर बदलते.

आकड्यांची मजाही जाता जाता. माणूस दिवसाला सुमारे १०,००० किलोज्यूल खर्च करतो. त्यातले ४० टक्के एटीपीत गेले असं धरा, पेशीतल्या परिस्थितीत एका मोलमागे ५० किलोज्यूल धरा. ८० मोल झाले. एटीपीचं मोलर वस्तुमान ५०७ ग्रॅम, म्हणजे रोज चाळीस किलो एटीपी. शरीरात एका वेळी असतो ५० ते १०० ग्रॅम. मग एक रेणू दिवसात किती वेळा मोडतो आणि पुन्हा बनतो? चारशे ते आठशे वेळा. चार ओळींचा हिशोब आहे, पण तो मुलांना करू द्या. स्लाइडवर आयता दाखवला तर पुढच्या स्लाइडला विसरतात.

दोन गोष्टी इथे हमखास बिघडतात. एक, नाव घेऊन एकट्याला उठवलं की घाबरणारी मुलं पुढच्या तासाला येतच नाहीत, म्हणून गटाला विचारा: ‘या गटात काय ठरलं?’ चुकलं तर ते गटाचं चुकतं. गट तिघांचा ठेवा, चौथा बहुधा बघ्या होतो. दुसरी गोष्ट म्हणजे तक्रार. ‘आम्हालाच सोडवायला लावतात, शिकवत काहीच नाहीत.’ ही तक्रार तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येतेच. हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या २०१९ च्या अभ्यासात अशा तासांना मुलं प्रत्यक्षात जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं, कारण डोक्याला पडणारा ताण त्यांनी न समजण्याची खूण मानला. हा निष्कर्ष पहिल्याच तासाला मुलांसमोर ठेवा. सोबत २०१४ चं विश्लेषण: विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या विषयांतले २२५ अभ्यास एकत्र केल्यावर नापासांचं प्रमाण निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत ३४ टक्क्यांच्या आसपास, तर सक्रिय पद्धतीच्या वर्गांत २२ टक्के निघालं. विज्ञानाची मुलं आहेत, आकडे त्यांना समजतात.

प्रॅक्टिकल

वह्या उतरवल्या जातात कारण उतरवण्यासारखं असतं. ऐंशी जणांचा एकच प्रयोग, एकच अपेक्षित उत्तर, आणि ते उत्तर आलं तर पूर्ण गुण. अशा रचनेत उतरवणं हाच शहाणपणा आहे, मुलांना दोष देण्यात अर्थ नाही.

नवं उपकरण न आणता हे बदलता येतं. लाळेतल्या अमायलेजचा प्रयोग बहुतेक ठिकाणी होतोच. तोच तीन आठवड्यांचा करा. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची पद्धत एक: ०.५ टक्के स्टार्च ५ मिलिलिटर, पीएच ६.८ चं बफर १ मिलिलिटर, पातळ केलेली लाळ १ मिलिलिटर. दर ३० सेकंदांनी एक थेंब खाचांच्या पांढऱ्या टाइलवर, त्यावर पातळ आयोडीनचा थेंब. निळा रंग यायचा थांबतो ती वेळ नोंदवायची. इथली नेहमीची फसगत म्हणजे लाळ पुरेशी पातळ नसते आणि पहिल्याच थेंबाला रंग गायब. एकास वीसपासून सुरू करा आणि रंग जायला तीन ते आठ मिनिटं लागतील असं विरळीकरण प्रत्येक गटाला स्वतः शोधू द्या. माणसागणिक अमायलेजचं प्रमाण बदलतं, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उतरवून चालत नाही. प्रत्येकाने फक्त स्वतःच्या गटातली लाळ हाताळायची, वापरलेल्या नळ्या जंतुनाशकात. लाळ वापरायला परवानगी नसेल तर विकतचं अमायलेज घ्या, पण बुरशीचं आणि जिवाणूंचं अमायलेज पीएच आणि तापमानाला लाळेसारखं वागत नाही, हे आधी तपासून ठेवा.

दुसऱ्या आठवड्यात प्रश्न गटाचा. तापमान, पीएच, पाण्याने बरंच पातळ केलेल्या लाळेत मीठ घातल्यावर होणारा फरक, कॅल्शियम पकडणारं ईडीटीए, उकळलेली लाळ, यातलं काहीही. अट एकच: प्रयोगाआधी एका पानावर प्रश्न, कंट्रोल (तुलनेसाठीच्या नळ्या) कोणते, आणि अपेक्षित आलेख हाताने काढून द्यायचा. सही झाल्याशिवाय साहित्य नाही. तिसऱ्या आठवड्यात तोच प्रयोग सुधारून पुन्हा, आणि सगळ्या गटांचे आकडे एका सामायिक तक्त्यात.

या प्रयोगात दोन छुपे खड्डे आहेत, आणि ते बुजवून ठेवायचा मोह आवरा. पीएच १०-११ घेणारा गट धावत येतो: ‘इथे तर रंग लगेच जातो, एन्झाइम सगळ्यात वेगवान इथेच आहे!’ प्रत्यक्षात अल्कलीत आयोडीनच नष्ट होतं. तसंच ७०-८० अंशांवर कोणी आयोडीन थेट गरम नळीत टाकलं तर स्टार्च आणि आयोडीनचा निळा रंग उष्णतेनेच उडतो आणि थंड केल्यावर परत येतो. दोन्ही ठिकाणी उत्तर एकाच नळीत आहे, जिच्यात एन्झाइम घातलेलंच नाही. तेव्हा ‘चुकलं’ असं म्हणू नका. ‘एन्झाइमविरहित नळीत काय दिसतं?’ एवढंच विचारा. कंट्रोल कशासाठी असतो, हे त्यानंतर त्या गटाला जन्मभर सांगावं लागत नाही. तिसरी नेहमीची चूक साधी आहे: लागलेला वेळ हाच वेग समजून आलेख उलटा काढला जातो. वेळेचा व्यस्त घ्यायचा, हेही त्यांना आलेख बघून सापडू द्या.

आता गुण. दहापैकी कंट्रोलला तीन, पुनरावृत्तीला दोन, आलेख आणि एककांना दोन, निकालाच्या स्पष्टीकरणाला तीन. ‘बरोबर’ उत्तराला शून्य. ही गुणपत्रिका पहिल्याच दिवशी भिंतीवर लावा. प्रयोगशाळेतल्या सहायकांना वेगळं अर्ध्या तासाचं प्रशिक्षण द्या, कारण ही सगळी रचना एका वाक्याने पडते: ‘अरे, तुझं चुकलंय, सदतीसला सगळ्यात जास्त यायला पाहिजे.’

साधनं आणि वेळ जास्त असेल तर खऱ्या संशोधनाचा तुकडा वर्गात आणता येतो. मातीतून बॅक्टेरियोफेज (जिवाणूंना ग्रासणारे विषाणू) वेगळे करून त्यांचा जीनोम वाचणारा सी-फाजेस हा उपक्रम २००८ पासून पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून चालवला जातो. मातीतल्या जिवाणूंमध्ये नवी प्रतिजैविकं शोधणारेही असे अभ्यासक्रम आहेत. उत्तर शिक्षकालाही ठाऊक नाही, ही त्यांची खरी ताकद. पण कायनेटिक्सला गळणारा वर्ग थेट तिथे नेऊ नका, आधी अमायलेज नीट होऊ द्या.

चाचण्या, गुण, परीक्षा

मुलं परीक्षेला जे लागतं तेच करतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. तासाला कोडी आणि पेपरात ‘ग्लायकोलिसिसच्या (ग्लुकोज मोडण्याच्या मार्गाच्या) पायऱ्या लिहा’ असं असेल तर दोन आठवड्यांत कोडी मरतात. म्हणून आधी पेपर बदला. त्याच प्रश्नाऐवजी: ‘आयोडोॲसिटेट हे ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट डिहायड्रोजनेज बंद करतं. पेशीत कोणती संयुगं साचतील? एका ग्लुकोजमागे एटीपीचा हिशोब काय?’ ज्याला पायऱ्या येतात तो फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट आणि ट्रायोज फॉस्फेट साचतील, दोन एटीपी खर्च होतील आणि परत काहीच मिळणार नाही, हे काढतो. नुसतं पाठ केलेल्याला हे जमत नाही. दुसरा प्रश्न: ‘रक्तशर्करा तपासायच्या नळीत फ्लोराइड का घालतात? तरीही पहिल्या तासा-दोन तासांत साखर थोडी उतरतेच, का?’ फ्लोराइड इनोलेज अडवतं, म्हणजे पायरी बरीच खालची. वरची एन्झाइमं एटीपी संपेपर्यंत ग्लुकोज वापरत राहतात.

दर आठवड्याला दहा मिनिटांची पाच प्रश्नांची चाचणी ठेवा. त्यातले दोन प्रश्न जुन्या भागावरचे. दहापैकी सर्वोत्तम आठ धरायच्या, एकूण गुणांत वाटा १० ते १५ टक्के. वाटा वाढवला की धास्ती वाढते आणि नकलाही.

पहिल्या मोठ्या परीक्षेचा निकाल हा वर्ग तुटण्याचा दुसरा क्षण. पेपर परत देताना दहा मिनिटं राखून ठेवा आणि गेलेला प्रत्येक गुण चार खान्यांत वाटायला लावा: येतच नव्हतं, येत होतं पण लावता आलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, आकडेमोड चुकली. ‘मला बायोकेमिस्ट्री येत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला आपले एक तृतीयांश गुण एककं चुकल्यामुळे गेल्याचं दिसतं, तेव्हा त्याच्या डोक्यातला प्रश्न लहान होतो. आठवड्याच्या आत चूक का झाली हे लिहून दिलं तर गेलेल्यापैकी तिसरा हिस्सा परत द्या. शेऱ्यांबाबत रूथ बटलर यांचं १९८८ चं काम लक्षात ठेवण्यासारखं आहे: नुसते शेरे मिळालेल्या विद्यार्थ्यांनी प्रगती केली, नुसते गुण किंवा गुण आणि शेरे दोन्ही मिळालेल्यांनी नाही. गुण दिसले की शेरा वाचला जात नाही. शक्य असेल तिथे शेरे आधी द्या, गुण दोन दिवसांनी.

पाठांतराबद्दल प्रामाणिक राहा. ‘समजून घ्या, पाठ करू नका’ हे वाक्य बायोकेमिस्ट्रीत खोटं आहे. वीस अमिनो आम्लं आणि त्यांचे भार, मुख्य गटांचे पीकेए, ग्लायकोलिसिस आणि क्रेब्स चक्राचा क्रम हे तोंडी हवंच. पण ‘एवढंच पाठ, बाकी नाही’ अशी एका पानाची यादी पहिल्या दिवशी द्या. पाठ करायची पद्धतही शिकवा: पुन्हा पुन्हा वाचायचं नाही, कोऱ्या कागदावर सात मिनिटं आठवून काढायचं, मग दुसऱ्या रंगाच्या पेनने दुरुस्त करायचं, दोन दिवसांनी पुन्हा. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगांत पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर आठवून बघणारे पुढे गेले. पहिल्या पाच मिनिटांतलं हे फसवं यश मुलांना नक्की सांगा, कारण ते त्याच्यावरच विसंबतात.

विषयाचा उपयोग पटवायचा असेल तर तो तुम्ही सांगू नका, त्यांच्याकडून लिहून घ्या. सेमिस्टरमध्ये दोन-तीनदा, एक पान: ‘या महिन्यातल्या एका संकल्पनेचा तुमच्याशी किंवा तुमच्या ओळखीतल्या कोणाशी काय संबंध आहे ते नेमक्या रेणूंच्या भाषेत लिहा.’ प्रारंभिक जीवशास्त्राच्या विद्यापीठीय वर्गात जुडिथ हराकिएविच यांच्या गटाने हे करून पाहिलं आणि मुलांचे गुण सुधारले. २०१६ च्या त्या अभ्यासात सर्वाधिक फायदा अल्पसंख्य समाजातल्या, आणि त्यातही घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलांना झाला. शिक्षकाने वरून सांगितलेलं महत्त्व मात्र आधीच धास्तावलेल्या मुलावर ओझं टाकतं: एवढं महत्त्वाचं आहे आणि मला येत नाही! तपासताना ‘डीएनए सगळीकडे महत्त्वाचा आहे’ छापाचं लेखन परत पाठवा.

चिठ्ठ्यांत तिसऱ्या विधानाला कमी गुण पडले असतील, तर तो प्रेरणेचा प्रश्नच नाही. नोकरी करणारं, आजारी, घरची जबाबदारी असलेलं मूल तुमच्या उत्तम तासालाही येऊ शकत नाही. त्याला दर सेमिस्टरला दोन ‘उशिराचे पास’ द्या, कारण न विचारता ४८ तासांची सवलत. हजेरीचे गुण काढून टाका, त्यांनी फक्त अंगं बाकावर येतात. निकालाची क्रमवारी जाहीर लावत असाल तर तीही.

पेपर तुमच्या हातात नसेल आणि बाहेरून वर्णनात्मकच येत असेल, तर अंतर्गत गुणांचा जो काही वाटा तुमच्याकडे आहे तो पूर्णपणे या पद्धतीवर ठेवा. शेवटचे तीन आठवडे मात्र जुन्या पेपरांच्या लेखी सरावाला उघडपणे द्या, मुलांच्या नजरेला नजर देऊन ‘आता परीक्षेचं लिहिणं शिकतोय’ असं सांगून. पहिल्या सेमिस्टरला सगळंच बदलायला जाऊ नका: गणिताची वीस मिनिटं, तासाला एक भाकिताचा प्रश्न, आणि अमायलेजचे तीन आठवडे, एवढंच करा. आठव्या आठवड्यात त्याच चिठ्ठ्या पुन्हा घ्या. ‘जमेल’ या ओळीतला आकडा हलला नसेल तर प्रश्न बहुधा फार अवघड किंवा फार सोपे पडताहेत. पहिल्या फेरीतल्या बरोबर उत्तरांची टक्केवारी वहीत टिपलेली असेल तर यातलं कोणतं ते लगेच कळतं.